सालीवरची राखण

मोसंबीला लागलेली हिरवी बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळते. वरून फळ धडधाकट असतं, रंग उतरलेला, साल चकाकणारी. पण एका जागी अंगठा टेकवला की ती जागा दबते. नीट पाहिलं तर तिथे पाणी मुरल्यासारखा फिकट डाग असतो, रुपयाच्या नाण्याहून थोडा लहान. दीड-दोन दिवसांत डागाच्या मध्यावर पांढरी लव उगवते, मग त्या लवेच्या मधोमध शेवाळी हिरवी भुकटी धरते आणि तिच्याभोवती रुंद पांढरा पट्टा उरतो. ही पेनिसिलियम डिजिटॅटम. एका सडक्या फळावर तिचे अब्जावधी बीजाणू तयार होतात आणि क्रेट नुसता सरकवला तरी ते हवेत उठतात. तिच्याच कुळातली पेनिसिलियम इटॅलिकम निळी असते, तिचा पांढरा पट्टा अरुंद. ती सावकाश वाढते, पण शेजारच्या चांगल्या फळालाही पकडते आणि क्रेटच्या एका कोपऱ्यात सडक्या फळांचा गठ्ठाच करून ठेवते.

या दोघींवर तोडगा म्हणून दुसरा एक सूक्ष्मजीव, म्हणजे यीस्ट, वापरता येतो, ही गोष्ट जगाला कळून आता पस्तीसहून अधिक वर्षं झाली. ती कळायला मात्र त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षं लागली होती. हा मागोवा लासूर स्टेशनच्या बाजूने घ्यावासा वाटतो, कारण इथल्या माणसाला काढणीनंतरची सड समजावून सांगावी लागत नाही.

लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातलं रेल्वेनं वाढवलेलं गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाच्या काळातली मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर इथून गेली, आणि स्टेशनाभोवती आडती व मोंढा उभा राहिला. आज इथल्या बाजार समितीचं नाव कांद्याशी जोडलेलं आहे, सोबत कापूस आणि मका. कांदा चाळीत भरलेला शेतकरी दर आठ-पंधरा दिवसांनी चाळ उपसून पाहतो, कारण पापुद्र्याखाली काळी काजळी धरलेला एक कांदा शेजारच्या दहांना घेऊन बसतो. ती काजळी म्हणजे ॲस्परजिलस नायजर, आणि तीच उन्हाळ्यात उतरणाऱ्या मोसंबीवरही येते. मोसंबीचा मोठा उलाढालीचा बाजार इथून पूर्वेला, पाचोड आणि जालन्याला. पण गंगापूरपासून पैठण, अंबड, बदनापूरपर्यंतचा पट्टा बराचसा याच फळाच्या भरवशावर जगतो. 2012-13 च्या दुष्काळात या पट्ट्यात टँकरनं पाणी घालूनही बागा वाळल्या आणि माणसांनी स्वतःच्या हातानं झाडं तोडली. 2016 मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्या कष्टानं वाचवलेलं फळ झाडावरून उतरल्यावर मातीमोल होतं, म्हणून ही सड मला रोगापेक्षा अन्यायाच्या जवळची वाटते.

हिरव्या बुरशीचा एक गुण आधी लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्यावर उभा आहे. अखंड सालीतून ती आत शिरू शकत नाही. तिला जखम लागते. तोडताना फळ ओढलं की देठापाशी साल फाटते. कात्री चालवली आणि देठ लांब राहिला तर तो क्रेटमध्ये शेजारच्या फळात घुसतो. नखाचा ओरखडा, काट्याचा टोचा, ढिगावर फेकलेल्या फळातली फुटलेली तेलग्रंथी, एवढं तिला पुरतं. जखमेत साखर आणि ओल असते. बीजाणू तिथे पडला की एका दिवसात रुजतो.

हे शोधायला रेल्वेच कारणीभूत झाली. झाडाखाली किंवा गावच्या बाजारात दोन दिवसांत खपणाऱ्या फळाला बुरशी लागायला वेळच नसतो. 1877 मध्ये वुल्फस्किल यांच्या लॉस एंजेलिसमधल्या बागेतून संत्र्यांचा पहिला डबा सेंट लुईसला गेला, त्याला महिना लागला. पुढे कॅलिफोर्नियाचा माल अटलांटिकच्या काठापर्यंत जाऊ लागला आणि डबे उघडल्यावर हिरवी भुकटी उडू लागली. बागायतदार म्हणत रेल्वेचा दोष, रेल्वे म्हणे फळाचा. अमेरिकी कृषी खात्याच्या जी. हॅरोल्ड पॉवेल यांनी 1905 च्या सुमारास बागेपासून डब्यापर्यंतचा सगळा प्रवास फळाबरोबर केला आणि उत्तर काढलं: सड डब्यात दिसते, पण तिची सुरुवात तोडणाऱ्याच्या हातात होते. सालीला कात्री न लागलेलं, न टोचलेलं, न आपटलेलं फळ टिकत होतं. जखमी फळ बर्फाच्या डब्यातूनही सडत होतं. 1908 मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. मग बोथट टोकाच्या कात्र्या आल्या, हातमोजे आले, आणि महत्त्वाचं म्हणजे तोडणीच्या टोळ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघांनी आपल्या हातात घेतल्या, पेटीच्या हिशेबानं पळवण्याऐवजी दिवसाची मजुरी देऊन. हेच पॉवेल 1912 मध्ये कॅलिफोर्निया फ्रूट ग्रोअर्स एक्स्चेंजचे, म्हणजे ‘सनकिस्ट’वाल्या संघाचे, सरव्यवस्थापक झाले. बुरशीवरचा जगातला पहिला खरा उपाय औषधाचा नव्हता. तो मजुरी देण्याच्या पद्धतीचा होता.

औषधं त्यामागून आली, आणि मग हाताची काळजी मागे पडली. आधी सोहागा, म्हणजे टाकणखार. गरम पाण्यात विरघळवून त्यात संत्री बुडवत. या प्रक्रियेवर ब्रॉगडेक्स कंपनीनं पेटंट घेतलं आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1931 मध्ये न्यायालयानं निकाल दिला की सालीत टाकणखार मुरवलेलं संत्रं हे शेवटी संत्रंच आहे, ती नवी निर्मिती नव्हे. नंतर बायफिनाइल लावलेले कागद आले, त्यांचा वास फळ सोलल्यावरही हाताला राही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस थायबेंडाझोल आलं. मुळात ते जनावरांच्या पोटातल्या जंतांवरचं औषध. मग इमॅझॅलिल. दोन्ही इतकी प्रभावी ठरली की पॅकिंग हाउसमध्ये धुणं, औषध आणि मेण हा क्रमच पक्का झाला.

पण एकाच बंद इमारतीत, एकाच बुरशीवर, वर्षभर एकच औषध. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच कॅलिफोर्नियाच्या पॅकिंग हाउसमध्ये थायबेंडाझोलला न जुमानणारी हिरवी बुरशी सापडली. 1980 च्या दशकात इमॅझॅलिलचीही तीच गत झाली. आपल्याकडे हे दूरच्या देशाचं वाटू नये. थायबेंडाझोल आणि आपलं कार्बेन्डाझिम एकाच घराण्यातली. एकाला सरावलेली बुरशी बहुधा दुसऱ्यालाही सरावलेली असते. आपल्याकडे कार्बेन्डाझिमची फवारणी फळ झाडावर असतानाच होते, संत्र्या-मोसंबीत काढणीआधी ती करण्याची शिफारसही दीर्घकाळ होती. म्हणजे बुरशीला सवय लावण्याचं काम आपण पॅकिंग हाउसपर्यंतही जाऊ देत नाही, बागेतच करतो. 2020 मध्ये केंद्र सरकारनं बंदीच्या विचारासाठी 27 कीटकनाशकांचा मसुदा काढला त्यात कार्बेन्डाझिमचं नाव होतं. अखेरच्या बंदीत ते आलं नाही, पण ग्राहकाच्या पोटात काय जातं हा प्रश्न त्यामुळे मिटला असं नव्हे.

अमेरिकेत हाच प्रश्न 1987 मध्ये ऐरणीवर आला. तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं अन्नातल्या औषधांच्या अंशांवर अहवाल काढला आणि कर्करोगाच्या अंदाजित धोक्यातला मोठा वाटा बुरशीनाशकांकडे जातो असं दाखवलं. यीस्टची कथा या वळणावर सुरू होते, आणि तिला एक आजोबाही आहेत. 1953 मध्ये इस्रायलमध्ये गटर आणि लिटॉअर यांनी बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू लिंबूवर्गीय फळांच्या बुरशीला रोखतो असं नोंदवलं होतं. ते तीस वर्षं तसंच पडून राहिलं. 1984 मध्ये पुसी आणि चार्ल्स विल्सन यांनी तोच जिवाणू पीच फळाच्या तपकिरी कुजीवर चालवून दाखवला. अडचण एवढीच की तो जिवाणू बुरशीला मारतो ते प्रतिजैविक सोडून. खाण्याच्या फळावर प्रतिजैविक पसरवणं कुणालाच मान्य होण्यासारखं नव्हतं. तेव्हा विल्सन यांनी शोधाची अटच बदलली: विष न सोडता बुरशीला हरवणारा कोणी आहे का?

विल्सन वेस्ट व्हर्जिनियात किअर्नीसव्हिलच्या फळ संशोधन केंद्रात होते. त्यांच्या जोडीला इस्रायलमधल्या व्होल्कानी संस्थेचे एडो खालुट्झ आले, पुढे समीर ड्रोबी आणि मायकेल विस्नीव्स्की. त्यांनी पाहिलेली एक गोष्ट मला या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर वाटते. लिंबूवर्गीय फळाची साल धुऊन ते पाणी त्यांनी आगरच्या ताटलीवर पसरलं. दाट धुवण पसरलं त्या ताटलीवर फक्त जिवाणू आणि यीस्ट उगवले, बुरशी नाहीच. तेच पाणी पुष्कळ पातळ करून पसरलं, तर सडवणाऱ्या बुरश्या दिसू लागल्या. म्हणजे बुरशी तिथे आधीपासून होती, पण दाट वस्तीत तिला डोकं वर काढू दिलं जात नव्हतं. आणि याला जोडून येणारी दुसरी गोष्ट: धुऊन सुकवलेलं फळ न धुतलेल्या फळापेक्षा लवकर सडतं. इतकी वर्षं पॅकिंग हाउसमध्ये स्वच्छतेच्या नावाखाली जे खरवडून काढलं जात होतं, त्यात फळाची राखण करणारेही वाहून जात होते.

1989 आणि 1990 मध्ये त्यांचे शोधनिबंध आले. त्यातली पद्धत अशी साधी की शाळेच्या प्रयोगशाळेतही करून पाहता यावी. फळ निर्जंतुक करायचं. खिळ्यासारख्या टोकानं सालीला दोन-तीन मिलिमीटरची जखम करायची. त्या खळग्यात यीस्ट मिसळलेल्या पाण्याचा एक थेंब सोडायचा, थोडं वाळू द्यायचं, मग त्याच जागी बुरशीच्या बीजाणूंचा थेंब. शेजारी दुसरी तशीच जखम, तिच्यात नुसतं पाणी आणि बुरशी. फळ ओलसर डब्यात ठेवायचं. आठवड्याच्या आत पाण्याच्या जखमेभोवती हिरवं वर्तुळ पसरलेलं असतं, आणि यीस्टची जखम कोरडी, फिकट तपकिरी, जशी केली तशी.

यीस्ट करतं काय, याची उत्तरं हळूहळू जमत गेली. पहिलं आणि मोठं कारण भुकेचं. जखमेतली साखर आणि नत्र मोजकं असतं. यीस्ट एका दिवसात तिथे भराभर वाढतं आणि बीजाणू रुजायच्या आत ताट रिकामं करतं. जखमेत बाहेरून पोषण घातलं की यीस्टचा प्रभाव उतरतो, आणि पेशी मारून नुसतं त्यांचं पाणी घातलं तर संरक्षण मिळत नाही. या दोन्हींवरून जिवंत पेशीच लागते हे कळतं. दुसरं, काही यीस्ट बुरशीच्या तंतूला अक्षरशः चिकटतात आणि तिची भिंत पोखरणारी विकरं सोडतात. तिसरं, जखमेत यीस्ट आलं की फळाची सालसुद्धा जागी होते आणि स्वतःची संरक्षक द्रव्यं बनवू लागते. मेचनिकोविया कुळातली काही यीस्ट तर भोवतालचं लोहच बांधून टाकतात आणि तांबूस रंग सोडतात. बुरशी लोहाविना अडते. या कुळाला नाव मिळालं ते इल्या मेचनिकॉव्ह यांचं, ज्यांनी 1884 मध्ये पाणपिसवांना ग्रासणारं असंच एक यीस्ट पाहून शरीराच्या संरक्षक पेशींचा आपला विचार पुढे नेला होता. विल्सन-खालुट्झ यांचं पहिलं गाजलेलं वाण आधी डेबॅरिओमायसिस हॅन्सेनी म्हणून ओळखलं गेलं, मग ते पिचिया गिलिएरमोंडी ठरलं. हॅन्सेनी हे नाव कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल हॅन्सेन यांचं, ज्यांनी 1883 मध्ये बिअरसाठी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. दारूच्या भट्टीसाठी शिकलेली ती कला पुढे फळाच्या कामी आली.

1995 मध्ये अमेरिकेत ‘ॲस्पायर’ची नोंदणी झाली, इकोजेन कंपनीचं, कॅन्डिडा ओलिओफिला यीस्टचं. काढणीनंतरच्या फळासाठी बाजारात आलेलं ते पहिलं यीस्ट. मात्र पॅकिंग हाउसमधला अनुभव ताटलीसारखा निघाला नाही. कधी उत्तम, कधी सुमार. 1998 मध्ये ड्रोबी आणि सहकाऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की लिटरला 200 मिलिग्रॅम थायबेंडाझोल, म्हणजे नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्सा, सोबत घातलं तर ॲस्पायर रासायनिक उपायाच्या बरोबरीला येतं. मला हे अपयश वाटत नाही. नऊ दशांश औषध कमी होणं ही लहान गोष्ट नाही. पण कंपनीला विकायचं होतं ते ‘औषधाऐवजी यीस्ट’, आणि पॅकिंग हाउसच्या मालकाला हवं होतं शंभरातलं एकही फळ न जाणारं काहीतरी. काही वर्षांत ॲस्पायर बाजारातून गेलं. त्यानंतर इस्रायलमधून द्राक्षावरच्या मेचनिकोविया फ्रुक्टिकोलाचं ‘शेमर’ आलं आणि बेल्जियममधून कॅन्डिडा ओलिओफिलाच्याच दुसऱ्या वाणाचं ‘नेक्सी’. 2009 मध्ये ड्रोबी, विस्नीव्स्की आणि विल्सन यांनी वीस वर्षांचा हिशेब मांडताना एकट्या यीस्टला औषधाच्या जागी उभं करण्याचा हा विचारच तपासायला हवा असं म्हटलं. फळ, बुरशी, यीस्ट आणि सालीवरची बाकीची सगळी वस्ती एकत्र पाहायला हवी, हा त्यांचा रोख.

भारतात हा धागा लवकर पोहोचला होता. 1996 मध्ये ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’मध्ये मेहरोत्रा, नीता शर्मा आणि सहकाऱ्यांनी हिरव्या-निळ्या बुरशीवर यीस्ट वापरल्याचा निबंध दिला. 2002 मध्ये दिनेश सिंग यांनी किन्नो जातीच्या संत्र्यावर डेबॅरिओमायसिस हॅन्सेनी तेल आणि मेणाच्या लेपाबरोबर तपासलं. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत एम. एस. लदानिया यांनी काढणीनंतरच्या सगळ्या टप्प्यांवर आयुष्यभर काम केलं, 2008 चा त्यांचा इंग्रजी ग्रंथ जगभर वापरला जातो. आणि जैविक उपाय हा शब्द आपल्या बागवानाला नवा नाही. डिंक्या रोगासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावणारा माणूसच मुळाशी शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी देतो. मुळापर्यंत पोहोचलेला हा विश्वास फळापर्यंत मात्र आलेला नाही. फळ तुटलं की शेतकऱ्याचं शास्त्र थांबतं आणि ट्रक सुरू होतो.

बाहेरचं पाकीट आणून हे काम होईल असं मला वाटत नाही. मराठवाड्याची हवा वेगळी. हिरवी बुरशी 25 अंशांच्या आसपास सर्वांत वेगानं वाढते आणि कडक उन्हात मंदावते. आंबिया बहाराचं फळ ऑगस्ट ते नोव्हेंबरात उतरतं, तेव्हा दमट हवा आणि रात्रीचा गारवा तिच्या सोयीचा. मृग बहार फेब्रुवारीनंतर येतो, तेव्हा काळी बुरशी आणि देठाची कुज पुढे असते. देठाच्या कुजीचा जंतू फळ झाडावर असतानाच देठात दडून बसतो, आणि आधीच आत गेलेल्याला यीस्ट बाहेर काढू शकत नाही. तेव्हा उष्णतेत टिकणारं यीस्ट शोधावं, असं पटकन मनात येतं. पण तिथे एक अडसर आहे. फळावर वापरायचं यीस्ट 37 अंशांवर, म्हणजे माणसाच्या शरीराच्या तापमानाला, वाढू नये ही निवडीची शहाणी अट आहे. गिलिएरमोंडी कुळातली यीस्ट अशक्त रुग्णांना त्रास देतात हे वैद्यकाला माहीत आहे. म्हणून उन्हात वाढणारं यीस्ट शोधण्यापेक्षा उन्हात जिवंत राहून रात्री काम करणारं शोधावं. बुरशीही रात्रीच चालते.

असं यीस्ट असलंच तर ते इथल्याच सालीवर असेल. आपली बहुतेक मोसंबी धुतली जात नाही, मेणही लागत नाही. बागेतून थेट क्रेटमध्ये आणि क्रेटमधून दिल्ली-कोलकात्याच्या रस्त्याला. त्यामुळे तिच्या सालीवरची मूळ वस्ती बरीचशी शाबूत असणार. बांधावरचं, कुणी फवारा न मारलेलं जुनं झाड शोधून, ऐन तोडणीत त्याची फळं धुऊन ते पाणी ताटलीवर पसरायला फार मोठी सामग्री लागत नाही. बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र आणि संभाजीनगरच्या हिमायतबागेतलं फळ संशोधन केंद्र, दोन्ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची, या पट्ट्यातच आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. सापडलेलं वाण तपासायला, जपायला जागा आहे.

मला अवघड वाटतं ते दुसरं. यीस्ट जखम ताजी असतानाच लागू पडतं, एका दिवसानंतर उपयोग उरत नाही. म्हणजे लिटरला दहा अब्जांहून जास्त पेशी असलेलं पाणी पॅकिंग हाउसमध्ये नव्हे, बागेच्या बांधावर, कडुलिंबाच्या सावलीत, सकाळची तोड आणि संध्याकाळची भरणी यांच्यामध्ये असायला हवं. आणि त्या वेळी बाग असते कुणाची? बहुतेक ठिकाणी ती ठोक्यानं दिलेली असते. झाडावरचं फळ बघून व्यापारी सौदा करतो, तोडणारी टोळी त्याची, तिला मजुरी मिळते वजनावर. फळ ओढलं काय, कात्रीनं काढलं काय, टोळीला सारखंच. शेतकऱ्याचे पैसे ठरलेले असतात, आणि सडीचा अंदाज व्यापाऱ्यानं भाव पाडतानाच धरलेला असतो. त्या जखमेला त्या दिवशी कोणी धनी नसतो, तिची किंमत मात्र शेतकऱ्यानं आधीच मोजलेली असते. कॅलिफोर्नियातल्या संघांनी शंभर वर्षांपूर्वी आधी टोळी आपली केली आणि मग फळ सुधारलं. गंगापूर-पैठणच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांपैकी एखादीनं एका बहारापुरती स्वतःची टोळी उभी केली, दिवसाची मजुरी दिली, बोथट कात्र्या दिल्या, तर यीस्टची टाकी कुठे ठेवायची हे ठरवायला मग कुणीतरी असेल.